पोटॅशच्या खोलीतला कॉलम

स्लॅबचा पोपडा पडला तो थेट भाकरीच्या पिठात. सून चुलीपुढे बसली होती. ताटाएवढा तुकडा परातीत आदळला, पीठ उडालं आणि ती डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरी झाली. मला हसू आलं. मुलगा धावत आला, वर बघितलं, खाली बघितलं आणि माझ्यावरच ओरडला, "हसस काय माय? डोकामां पडता म्हंजे?"

खरं होतं त्याचं. पण डोक्यात पडला नव्हता. परात तेवढी चेपली.

त्याच संध्याकाळी त्याने विषय काढला. घर जुनं झालं, स्लॅब कुजला, आता पाडायचं आणि दोन मजली बांधायचं. बांधकाम चालू असेपर्यंत मी आणि सुनेने शहाद्याला फ्लॅटवर राहायचं. त्याच्या मित्राचा फ्लॅट रिकामाच आहे. वर्ष-दीड वर्षाचा तर प्रश्न, असं तो म्हणाला. आमच्या गल्लीत वर्ष-दीड वर्ष म्हणून सुरू झालेली घरं मी पाहिली आहेत. एकाच्या जिन्याला अजून कठडा नाही, आणि त्या घरातली म्हातारी तोवर गेलीसुद्धा.

तो फ्लॅट मी एकदा बघून आले होते. चकचकीत फरशी, तिसरा मजला. दार लावलं की शेजारी मेला की जगला ते कळत नाही. खाली उतरायचं तर लिफ्ट, म्हणजे माणूस कपाटात कोंडून घ्यायचा. माझं म्हणणं साधं होतं. माझ्याकडे वर्षं थोडी उरली आहेत, ती मला माझ्या घरात काढायची आहेत. बाकी घराचं त्याने काय ते करावं.

"मी मरसू तव्हय पाडजो," मी म्हटलं.

"आनि मी काय करू? रोज रातले वर देखत बसू, कव्हय पडस म्हनीसन?"

त्याचीही झोप गेली होती, हे मला दिसत होतं. पण त्याला झोप लागावी म्हणून मी शहाद्याला जाणार नव्हते. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सुनेमार्फत बोललो. "त्याला म्हण, जेवायला ये." "मायले म्हन, मी जेवी उनू." सून मधे उभी राहून दोघांना सांगायची, जसं काही आम्ही दोन वेगळ्या गावांत राहतो.

सून शेवटी वैतागली. तिची एक मामेबहीण धुळ्याला असते. पूल, पाण्याच्या टाक्या, गोदामं, असल्या जागी जाऊन काँक्रीटच्या आतलं लोखंड किती गंजलं आणि ते बांधकाम अजून किती वर्षं टिकेल हे मोजायचं, हा तिचा धंदा. ती जवळच्या प्रकाशा गावाला कसल्या तरी कामावर येणार होती. सून म्हणाली, "तिला दाखवू. ती सांगेल तसं दोघांनी ऐकायचं. मान्य असेल तर बोला, नाही तर उद्यापासून मीच माहेरी जाते."

आम्ही दोघांनी मान्य केलं. मुलाला खात्री होती की ती पाड म्हणणार. मला कसलीच खात्री नव्हती, पण भांडणाचा कंटाळा आला होता.

हे घर बांधलं तेव्हा मी पन्नाशीच्या आतली होते. त्याआधी इथं मातीचं धाब्याचं घर होतं. पावसाळ्यात धाब्यावर गवत उगवायचं आणि बकऱ्या वर चढायच्या. स्लॅबच्या दिवशी डोंगराकडची मजूर माणसं आली होती, बायका घमेल्यांची रांग लावून उभ्या होत्या, आणि गल्लीतली माणसं न बोलावता हातभार लावायला आली. दुपारी सगळ्यांना शिरा. दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मिस्त्री म्हणाला होता, पंधरवडाभर भरा. मी दोन महिने भरलं. आमचे मालक म्हणायचे, आता बस कर, वर भात लावायचाय का? पण विहिरीला पाणी होतं आणि मोटार आमची होती, मग कंजूषपणा कशाला? मालक गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

सुनेची मामेबहीण आली ती लहान मोटारीने. बारीक बाई, पॅन्ट-शर्ट, पायात जाड बूट, चाळिशीला आलेली. आल्याबरोबर माझ्या पाया पडली आणि लगेच वर बघायला लागली. चहा प्यायला बसली तरी नजर वरच. मी म्हटलं, "बाई, बशी खाली ठेव, नाही तर आणखी एक पोपडा पडायचा त्यात."

"मावशी, पोपडा ठेवलाय का?"

पोपडा कोण ठेवतं? पण सुनेने ठेवला होता, मागच्या दारी, सांडपाण्याच्या वाटेवर पाय ठेवायला. तिने तो उचलला, उलटा केला आणि हसली. मागची बाजू गुळगुळीत होती, काळपट. तिने बोट फिरवलं, वास घेतला आणि माझ्याही नाकापुढे धरला. वास काही आला नाही, पण डाग मी ओळखला. सेंट्रिंगच्या पत्र्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावलं होतं. भरपूर लावलं होतं, कारण ते फुकट होतं. ते स्लॅबच्या पोटाला लागलं, आणि त्या तेलावरच मिस्त्रीने प्लास्टर केलं.

"इतकी वर्षं टिकलं हेच नवल," ती म्हणाली. "हे नुसतं प्लास्टर पडलंय मावशी. स्लॅबचा यात काही संबंध नाही."

मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "आतूनबी देखो ना. वरवर देखीसन काय समजस?"

"बघणार तर आहेच," ती म्हणाली आणि पेट्या उघडल्या.

पहिलं एक यंत्र स्लॅबच्या पोटावरून फिरवलं. आत सळई आली की ते टुकटुक करायचं. जिथं सळई तिथं ती खडूने रेघ मारायची. थोड्या वेळात माझं स्वयंपाकघर सोंगट्यांच्या पटासारखं दिसायला लागलं. मग एका कोपऱ्यात छिन्नीने थोडं फोडून सळई उघडी केली आणि तिला वायर लावली. वायरचं दुसरं टोक मीटरला. मीटरमधून आणखी एक वायर एका नळीला. हातभर नळी, टोकाला लाकडाचं बूच, आत निळं पाणी आणि पाण्यात तांब्याची कांडी.

"हे मोरचूद आहे," मी म्हटलं.

ती चकित झाली. यात चकित होण्यासारखं काय? आमच्या पपईच्या खोडांना दरवर्षी मोरचूद आणि चुना लावतो. निळा रंग कोणालाही ओळखता येतो.

"मोरचूदच आहे," ती म्हणाली. "आतली सळई आणि हे तांबं यांच्यात किती मिलिव्होल्टचा फरक पडतो, ते मीटर सांगतं. लोखंड गंजत असलं की आकडा वाढतो."

ती भिंतीला आणि स्लॅबला पाणी मारायची, खडूच्या चौकटीत नळी टेकवायची, आकडा वाचायची, पुढच्या चौकटीत जायची. आकडे सगळे उणे. मी चौथीपर्यंत शिकले, उणे आकडे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. तिने सांगितलं की उणे साडेतीनशेच्या पलीकडे गेलं तर आत गंज चालू असणार, असं धरून चालायचं. आकडा मोठा तितकं वाईट. एवढं मला पुरलं. मी खाली खुर्ची टाकून बसले आणि ऐकत राहिले. उणे एकशे साठ. उणे एकशे ऐंशी. उणे दोनशे. एखादा दोनशेच्या वर गेला की मुलगा मान वर करायचा आणि खाली आला की मी.

मग तिने फोडलेल्या जागी बाटलीतलं बिनरंगी पाणी फवारलं. काँक्रीट गुलाबी झालं. एकदम कुंकवाच्या पाण्यासारखं. फक्त बाहेरचा अर्ध्या पेराएवढा थर होता तसाच राखाडी राहिला.

तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. काँक्रीट नवं असतं तेव्हा चुन्यासारखं तिखट असतं आणि त्या तिखटात लोखंड गंजत नाही. बाहेरची हवा हळूहळू आत मुरते आणि तिखटपणा बाहेरून आत मरत जातो. मरत मरत सळईपर्यंत पोचला की गंज धरतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं काँक्रीट फोडून टाकतं. जिथं तिखटपणा शिल्लक आहे तिथं ते पाणी गुलाबी होतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, त्यातलाच प्रकार. आमची सळई गुलाबीत होती.

"म्हणजे अजून किती?" मुलाने विचारलं.

"हवा जितकी आत जाते तितकी तिची चाल मंदावते, दादा. अर्धी वाट चालायला तीस-बत्तीस वर्षं लागली असली, तर उरलेल्या अर्ध्या वाटेला त्याच्या तिप्पट लागतात. पण सळई सगळीकडे सारखी खोल नाही. जिथं ती सगळ्यात उथळ आहे तिथलं धरायचं, वर पाणी झिरपतं तेही धरायचं. मी पंचवीस-तीस म्हणेन."

"पंचवीस-तीस दिवस?" मी विचारलं.

"वर्षं, मावशी. पाणी फार चांगलं दिलंय या स्लॅबला."

मालक असते तर त्यांना ऐकवलं असतं. सुनेने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. पंचवीस-तीस वर्षं मला उरून राहतील, म्हणून मी उठून चुलीवर डाळ ठेवायला निघाले. माझ्या मते काम संपलं होतं.

पण ती बाई कामाची पक्की. म्हणाली, स्लॅब कशावर उभा आहे तेही बघू. मग एकेक कॉलम. ओट्यावरचे दोन बरे निघाले, मधल्या खोलीतले बरे निघाले. राहिला मागच्या खोलीतला. ती आमची खताची खोली. मळा घराला लागूनच आहे, आणि शेतात ठेवलेलं काहीही चोरीला जातं, वायरसुद्धा. म्हणून मुलाने ठिबकचं सगळं सामान घरातच आणलं. कॉलमला लागून पोटॅशची पोती आणि पोत्यांच्या पुढे निळा ड्रम. केळीला आणि उसाला पोटॅश लागतो, तो ड्रममध्ये कालवायचा, काठीने ढवळायचा आणि पाइपाने खिडकीतून बाहेर सोडायचा. कालवताना सांडतं. सांडलेलं कोण पुसतं? आमच्या गावात केळीवाल्या घरांत हे असंच असतं.

"तो राहू द्या," मुलगा म्हणाला. "तो एकदम चांगला शे. दिवाळीलेच ऑइलपेंट मारेल शे मी."

"रंग खरवडावा लागेल, दादा. रंगावरून आकडा येत नाही."

"इतला चांगला रंग!"

"कॉलमपेक्षा रंगाची काळजी?" सून म्हणाली.

पोती हलवली, ड्रम हलवला, रंग खरवडला. कॉलमला बाहेरून एक चीर नव्हती. तिने नळी टेकवली. मीटरकडे बघितलं, नळी काढली, पुन्हा पाणी मारलं, पुन्हा टेकवली. तिने आकडा मोठ्याने वाचला नाही. त्यावरूनच मला कळलं.

"वाच ना," मी म्हटलं.

"उणे साडेचारशे."

खाली फरशीजवळ तो पाचशेच्या पुढे गेला. वर छातीच्या उंचीला कमी कमी होत डोक्यावर पुन्हा दोनशेच्या आत आला. तिने खालचा कोपरा फोडला. तेच पाणी फवारलं तर काँक्रीट गुलाबी झालं, स्लॅबपेक्षाही छान. आणि त्या गुलाबीच्या मधोमध सळईला काळे खड्डे. जणू उंदराने कुरतडली होती.

"गुलाबी तं शे," मुलगा म्हणाला. आवाज खाली आला होता.

"पोटॅश मिठाचा भाऊ आहे, दादा. त्याला तिखटपणाची भीती नसते. तो सरळ आत शिरतो आणि सळईला एकेका जागी खातो. फुगायच्या आधीच बारीक करून टाकतो, म्हणून बाहेर चीर नाही."

मला वाटलं, झालं, शहादा. मुलाला हवं होतं ते मिळालं होतं. त्याने म्हणायला हवं होतं, बघ माय, मी सांगत होतो. तो म्हणाला नाही, कारण ड्रम त्याचा होता. तो ड्रमकडे असा बघत होता जसं चावलेल्या कुत्र्याकडे बघतात, आणि कुत्रा आपलाच.

"इतली वर्सं स्लॅबकडे देखत ऱ्हायनू," तो शेवटी म्हणाला.

तिने कॉलमला वेगवेगळ्या खोलीवर भोकं पाडली आणि भुकटी पुड्यांत बांधून घेतली. मीठ किती आत गेलंय ते प्रयोगशाळेत कळणार होतं. शिवाय ती पुन्हा येणार होती, दुसरं यंत्र घेऊन. निळी नळी गंज आहे का एवढंच सांगते. तो किती वेगाने चढतोय ते दुसरं यंत्र सांगतं, आणि वेग कळल्याशिवाय उरलेली वर्षं काढता येत नाहीत. तोवर त्या खोलीत आणि तिच्या शेजारच्या खोलीत कोणी झोपायचं नाही, असं बजावून ती गेली. जाताना जेवली. डाळ दोनदा मागून घेतली.

मधले दिवस वाईट गेले, हे मी कबूल करते. शेजारची खोली माझी. माझी खाट ओट्यावर आली. मुलगा भांडत नव्हता, त्याचंच जास्त वाटत होतं. भांडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. त्याने मुकाट्याने ड्रम मळ्यात नेला, पोती चुलत्याच्या शेडमध्ये टाकली, खोली धुऊन काढली. गल्लीत बातमी गेलीच. पुरुष येऊन कॉलमच्या बुडाशी बसायचे, खड्डे पडलेल्या सळईला बोट लावायचे आणि घरी जायचे. मग त्यांच्या घरातून पोती ओढल्याचा आवाज यायचा. समोरच्या घरची म्हातारी मला म्हणाली, "तुन्ही पावनीनी आखा गावले कामले लाई दिधं व माय. मन्हा डोकरा आते रोज खत वाहस." तिचा नवरा ऐंशीचा आहे. त्याला व्यायाम झाला, बरंच झालं.

ती दुसऱ्यांदा आली तेव्हा मी चहा विचारला नाही. आधी मोज म्हटलं. तिने ते दुसरं यंत्र कॉलमला तीन-चार ठिकाणी लावलं आणि बराच वेळ वाट बघत बसली. मग स्लॅबलाही लावलं. मग आम्हा तिघांना ओट्यावर बसवलं.

स्लॅबचा गंज जवळजवळ नाहीच. त्याचं ती आधी म्हणाली होती तेच कायम. मागच्या कॉलममध्ये मीठ सळईच्याही पलीकडे गेलंय. गंजाचा वेग असा, की असंच सोडलं तर पाच-सहा वर्षांत खालच्या सळया भार घ्यायच्या लायकीच्या राहणार नाहीत. आणि त्याही आधी काही होणार नाही, असं ती लिहून देणार नाही.

"म्हंजे कॉलम गया," मुलगा म्हणाला. "कॉलम गया म्हंजे घरबी गयंच ना?"

"एक दाढ किडली म्हणून डोकं कापतात का?" मी म्हटलं.

तो तिच्याकडे बघत राहिला, माझ्याकडे नाही. तिने वर स्लॅबकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "दादा, वर दुसरा मजला चढवायचा असेल तर पाडा. मी आडवी येणार नाही. पण राहायचं एवढंच असेल, तर एक कॉलम दुरुस्त करा. मीठ लागलेलं काँक्रीट सगळं काढायचं, सळया बदलायच्या, भोवती नवं जाड आवरण घालायचं. बाकीचं घर पाडण्यासारखं माझ्या मोजणीत काही सापडलं नाही."

सुनेने चहा आणला, तो मुलाने पिऊन टाकला. मग मला म्हणाला, "दुरुस्ती चालू शे तवलोंग तरी शहादाले जाशीन का?"

"ओट्यावर झोपते आहेच. आणखी थोडे दिवस झोपेन."

"तू कव्हय ऐकस?"

"ठरल्याप्रमाणे ऐकलं की. ती पाड म्हणाली असती तर गेलेही असते." हे मी खरं बोलले. पेटी भरून ठेवली होती, फक्त कोणाला दाखवली नव्हती.

काम आमच्या अंदाजापेक्षा जास्त दिवस चाललं. स्लॅबखाली लोखंडी टेकू लावले, कॉलम खालून छातीपर्यंत सोलला, जुन्या सळया कापून काढल्या. ती स्वतः दोनदा येऊन बघून गेली आणि मिस्त्रीला एकदा रागावली, कारण तो विहिरीच्या पाण्याऐवजी ज्या टाकीत पोटॅशचा पाइप धुतात त्या टाकीतलं पाणी घेत होता. ओट्यावर मला काही त्रास झाला नाही. येणारा-जाणारा बोलायला थांबायचा. उसाच्या गाड्या पहाटेपासून सुरू व्हायच्या, तेवढी धूळ सोडली तर मजेत गेलं. नव्या काँक्रीटला गोणपाट गुंडाळून पाणी मारायचं काम मी कोणाला दिलं नाही.

आता कॉलम पूर्वीच्या दीडपट जाड झाला आहे. त्या खोलीचं दार पुरतं उघडत नाही, आडवं होऊन आत जावं लागतं. ती खोली रिकामी झाली, खिडकीतून मळा दिसतो आणि दुपारी वारा येतो, म्हणून मी माझी खाट तिकडे हलवायला सांगितलं. मुलगा खाट धरून दारातच थांबला.

"तठे? त्याच कॉलमपान?"

"घरातला सगळ्यात नवा तोच आहे," मी म्हटलं. "खाट जरा तिरपी कर, आत जाईल."

त्याने तिरपी केली. खताचा वास पहिले काही दिवस येत होता, मग गेला. झोप चांगली लागते.